पितळी गुंडातला चांद

"पान्यातला चांद हालाले लागला का पानी बदलव, पोरी. चांद फुटू देऊ नोको."

मित्रांनो, हा आवाज सुंदरबाईचा. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली. तिचं घर राहिलं नाही, तिचं गावही आता धरणाच्या पाण्याखाली आहे. पण संध्याकाळी अंगणात चांदणं उतरलं की तो आवाज माझ्या पोटात अजून घुमतो. पोकळ भांड्याचं असंच असतं. त्यात एकदा पडलेला शब्द लवकर बाहेर जात नाही.

मी एक जुना पितळी गुंड आहे. नाव ऐकून दचकू नका. आमच्या भागात पाणी भरायच्या मोठ्या, गोल पोटाच्या भांड्याला गुंड म्हणतात. मी कोणाला धाक घालत नाही. उलट आयुष्यभर मीच ठोके खाल्ले. भंडाऱ्याच्या एका कसाराने मला घडवलं, तेव्हा दिवसभर त्याची हातोडी माझ्या अंगावर नाचत असे. त्या ठोक्यांच्या खुणा आजही माझ्या पोटावर आहेत. पुनवेला प्रत्येक खुणेत एकेक चांदणी येऊन बसते, आणि मग मला वाटतं, त्या कसाराने मला मारलं नव्हतं, चांदण्यांसाठी जागा करून ठेवली होती.

बायाबाईच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला आंदण दिलं. बैलगाडीत तिच्या मांडीला टेकून मी वैनगंगेच्या काठच्या गावी आलो. घर ढिवरांचं. नवरा सुखराम नदीत जाळं टाकी, आणि सासू सुंदरबाई घर चालवी. पहिले काही दिवस मी नदीचं पाणी वाहिलं. मग एक दिवस सुंदरबाईने मला बोटाने वाजवून पाहिलं.

"जाड पत्र्याचा हाय," ती म्हणाली. "लवकर तपत नाही. हा पान्याले कायले? हा तं आपल्या कामाचा हाय."

ते काम म्हणजे मोहाची दारू गाळण्याचं. बाळांनो, मी लपवणार नाही. पावसाळ्यात नदी फुगली की जाळं खुंटीला लागे आणि चूल थंड पडे. तेव्हा चैत्रात वेचून वाळवलेली मोहफुलं कामी येत. सरकारची परवानगी नव्हती, म्हणून नाल्याच्या काठी, झाडांच्या आडोशाला ते काम चाले. खालच्या मडक्यात आंबलेली फुलं, तळाला भोकं पाडलेल्या मधल्या मडक्यात टांगलेली वाटी, आणि सगळ्यांत वर थंड पाण्याने भरलेला मी. सांधे ओल्या मातीने लिंपलेले. खालून वाफ येई, माझ्या गार तळाला लागे, तिचे थेंब होत, आणि ते वाटीत पडत. गंमत म्हणजे माझ्या पोटात कधी दारूचा थेंबही शिरला नाही. आत पाणी, बाहेरून दारू. त्यासाठी सुंदरबाईने माझ्या तळाला बाहेरून कल्हई करून घेतली, तेव्हा कल्हईवाला पोट धरून हसला होता.

"अवं बाई, कल्हई आतून करतेत!"

"तुले कल्हई लावाले बोलावलं का शिकवाले?" सुंदरबाई म्हणाली. बिचारा मुकाट्याने भाता ओढू लागला.

त्या कामाला दिवा लावायचा नसे. दिवा दुरून दिसतो. म्हणून चांदणं लागे. चांद वर आला की तो माझ्या पाण्यात उतरे, आणि तोच आमचा दिवा, तोच आमचा जाणता. खालची वाफ मला तापवू लागली की पाणी हळूच थरथरे आणि त्यातला चांद हलू लागे. म्हणजे पाणी बदलायची वेळ झाली. थोडा उशीर केला तर माझ्यातून वाफ निघे, चांद धुक्यात फुटून जाई, आणि दारूची धार बिघडे. नव्या सुनेला सुंदरबाईने हेच पहिल्यांदा शिकवलं. बायाबाई माझ्यावर वाकून तासन् तास चांदाकडे बघत बसे. नाला झुळझुळत असे, मोहाचा गोड वास पसरलेला असे, आणि तिचा चेहरा अन् चांद माझ्या पाण्यात शेजारी शेजारी असत. मला वाटे, आभाळातला चांद कोणाचाही असो, हा आपला आहे.

पहिली धार मात्र कोणी चाखायची नाही, असा नेम होता. ती मातामायची. नदीकाठच्या उंचवट्यावर, चिंचेखाली, तिचा शेंदूर लावलेला दगड होता. पहिली धार तिथे ओतायची, हात जोडायचे, मग बाकीचं. बायाबाईने हा नेम कधी चुकवला नाही.

एकदा मोठी फजिती झाली. बायाबाई मला नाल्यात भरून काठावर उभी होती आणि समोरून पोलीस जमादार आला. मडकी झुडपात होती, हातात फक्त मी.

"काय करून राहिली वो बाई, एवढ्या अंधारात?"

"चतुर्थी हाय ना साहेब," बायाबाई म्हणाली. "झाडाइच्या आड चांद दिसून नाही राहिला. म्हून गुंडात धरून पाह्यतो."

जमादाराने वाकून पाहिलं. मी पाणी अगदी निश्चल धरलं. आत चांद होता.

"निघाला बाप्पा चांद," तो म्हणाला. "सोडा आता उपास." आणि स्वतःच हात जोडून निघून गेला.

घरी येऊन सुखराम हसून हसून लोळला. पण बायाबाई हसली नाही. "देवाच्या नावानं लबाड बोलली मी," ती म्हणाली. "बोलली तं आता ते खरं कराले पायजे." पुढच्या महिन्यापासून तिने संकष्टी धरली, ती अखेरपर्यंत सोडली नाही. मित्रांनो, खोट्याने सुरू झालेली गोष्टसुद्धा पाळत गेलं तर खरी होते, हे मी तिच्याकडून शिकलो.

मग सुंदरबाई गेली. काही वर्षांनी सुखरामही तापाने गेला. पदरात एकुलता एक लिलाधर. बायाबाईने त्याला माझ्या जिवावर वाढवलं. तिच्या हातच्या धारेची पंचक्रोशीत तारीफ होती. लोक म्हणत, बायाबाईचा गुंड म्हणजे लक्ष्मी. मीही फुगून जाई. पितळेला लकाकायला असं कितीसं लागतं!

पण पोर मोठं झालं आणि आईच्याच वाटीला तोंड लावू लागलं. आधी चोरून, मग उघड. त्याचं लग्न झालं, दुर्गा सून म्हणून आली, प्रेरणा नावाची मुलगी झाली, तरी ते सुटलं नाही. "उद्यापासून बंद" हे तो इतक्या वेळा म्हणे की घरात पोपट असता तर त्यानेही पाठ केलं असतं.

एका संध्याकाळी बायाबाई मला घेऊन एकटीच मातामायकडे गेली. मडकी तिने वाटेतच फोडली होती. मला दगडासमोर ठेवून तिने हात जोडले. मग इतक्या हळू बोलली की ते फक्त देवीने ऐकलं आणि मी.

"माय, आजवर तुले पहिली धार देल्ली. आता मी आग नाही लावत. ज्या वर्षी माहा लिला वर्षभर कोरडा राहील, त्या वर्षी हाच गुंड साध्या पान्यानं भरून आनीन, तुह्या डोक्यावर ओतीन. तवर हा गुंड मी मोडत नाही, कोनाले देत नाही."

नवस बोलून दाखवू नये, नाहीतर त्याचं बळ जातं, असं आमच्याकडे मानतात. बायाबाईने तो कोणालाच सांगितला नाही. पुढचं सगळं त्या न सांगण्यातूनच घडलं.

गोसीखुर्दचं धरण झालं आणि आमचं गाव उठलं. माणसं, गुरं, छपरांची कवेलू, दारं, सगळं नव्या गावठाणात आलं. मातामायला मात्र कोणी हलवलं नाही. नदीला कितीही मोठा पूर आला तरी पाणी तिच्या पायाशी थांबतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं. म्हातारे म्हणाले, "माय पाय धुते, डोकं भिजवत नाही. तिले कायले हलवता?" पण हे पुराचं पाणी नव्हतं, धरणाचं होतं. ते पायाशी थांबलं नाही. बघता बघता चिंचेचा फक्त वाळका शेंडा वर राहिला.

नव्या घरात मी मागच्या भिंतीशी पडून राहिलो. प्लास्टिकचे ड्रम आले, नळ आला. माझ्या अंगावर काळपट हिरवा थर चढला. कोंबडी माझ्यावर बसे. पण संकष्टीला बायाबाई मला चिंचेने घासून अंगणात मांडी आणि पाणी भरी. चांद माझ्या पाण्यात उतरला की मगच ती घास घेई. दुर्गाही तो उपास करू लागली होती.

अशाच एका चतुर्थीला आम्ही चांदाची वाट पाहत होतो. प्रेरणा आता पवनीच्या कॉलेजात जाते. ती पुस्तक मिटून म्हणाली, "आजी, आज सरांनी एक मजेदार शब्द सांगितला. मूनशाईन. इंग्रजीत चोरून गाळलेल्या दारूले मूनशाईन म्हनतेत. म्हन्जे चांदनं!"

"आं?" बायाबाईचे डोळे चमकले. "इंग्रज बी चांदातच भट्टी लावत होते का वो?"

"मंग काय! तिकडे बी सरकारचे लोक पकडत. म्हून रातच्याले दारू गाळाची, रातच्यालेच लपवून न्यायाची. त्याच्यावरून ते नाव पडलं. पन आजी, तो शब्द त्याच्याहून जुना हाय. आधी त्याचा अर्थ नुसता चांदनं. मग लोक 'पान्यातलं चांदनं' म्हनाले लागले, म्हन्जे पोकळ गोष्ट. दिसते, पन ओंजळीत येत नाही. आन् दारूचा अर्थ सगळ्याइच्या मागून आला."

दुर्गा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हन्जे तुह्या बापाचं 'उद्यापासून बंद'. दिसते, पन हातात येत नाही."

उंबऱ्यावर लिलाधर बसला होता. त्याने ऐकलं. 

बायाबाई मात्र माझ्याकडे बघत म्हणाली, "पान्यातला चांद पोकळ नोहे, पोरी. आमी त्याच्याच भरोशावर कामं केली."

मित्रांनो, मला त्या शब्दाची फार माया आली. शब्दांचंही आम्हा भांड्यांसारखंच असतं. आधी त्यात स्वच्छ चांदणं होतं. मग कोणी त्यात पोकळ बढाया भरल्या, मग कोणी दारू भरली. भांडं बिचारं काय बोलणार? पण घासून पाहिलं तर तळाशी पहिलं चांदणं असतंच.

त्यानंतरच्या चतुर्थीला लिलाधरने शब्द दिला होता, की चांद निघायच्या आत शुद्धीवर घरी येईन. तो आला तो झोकांड्या खात. पूजेच्या ताटाला पाय लागला, अक्षता सांडल्या, मी कलंडून अंगणभर घरंगळलो. दुर्गाने अक्षता वेचून ताटात घातल्या. तिने उपासही सोडला नाही. सकाळी तिने मला डोक्यावर घेतलं आणि धरणाच्या पाण्याकाठी नेलं.

"तुह्याच तळातून ही आग निघाली," ती मला म्हणाली. "तू नसशील तं घर निवेल." आणि बुडालेल्या सिंदीच्या झाडाजवळ तिने मला सोडून दिलं.

मी भरत भरत खाली गेलो. तिथे हिरवा, मऊ उजेड होता. मासे माझ्या गळ्याशी येऊन आत डोकावत. रात्री वरून चांद दिसे, लांबट, विरघळल्यासारखा. तो माझ्यात उतरत नव्हता. मीच त्याच्यात उतरलो होतो. तिथून थोड्याच अंतरावर जुनं गाव आहे, मातामाय आहे, असं मला झोपेत असल्यासारखं वाटत राहिलं.

वर घरी काय झालं, ते मला नंतर अंगणातल्या बोलण्यातून कळलं. चैत्री पुनवेला बायाबाई मला शोधत मागच्या भिंतीशी आली आणि दोन्ही हातांनी चाचपत राहिली. जन्मात पहिल्यांदा ती सुनेसमोर रडली. नवस तिने सांगून टाकला.

दुर्गाने कपाळावर हात मारला. "आत्या! काहून नाही सांगतलं वो मले? मी तं त्याले कलागतीचं भांडं समजत होती!"

"सांगाचा नसते ना, बाई."

लिलाधर दारात उभा होता. आई आपल्यासाठी इतकी वर्षं देवीपुढे गहाण पडून आहे, हे त्याला माहीत नव्हतं. दुर्गाने जागा सांगताच तो वळला, मासेमारीचा डोंगा पाण्यात सोडला आणि सिंदीजवळ बुड्या मारू लागला. दुपार गेली, सूर्य कलला. काठावर मुन्ना आला. लिलाधरचा पिण्यातला जोडीदार.

"ओ लिल्या, काय शोधून राहिला बे? चांद पडला का पान्यात?"

"हो," लिलाधर म्हणाला, आणि परत बुडाला.

चांद उगवता उगवता त्याची बोटं माझ्या गळ्याला लागली. त्याने मला छातीशी धरून वर आणलं. घरी येऊन आईसमोर ठेवलं, आणि लहान पोरासारखा बोलला, "आई, मातामाय तं बुडाली. तिच्या डोक्यावर आता पानीच पानी हाय. तुह्या नवसाचं काय रायलं?"

"ते धरनाचं पानी हाय, बापू," बायाबाई म्हणाली. "माहं नोहे."

 लिलाधरने या वेळी "उद्यापासून" हा शब्द काढला नाही.

पुढचे दिवस कठीण होते. दुर्गा त्याला दवाखान्यात घेऊन गेली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भरपूर समजावलं. संध्याकाळ झाली की त्याचा जीव वरखाली होई. मग बायाबाई म्हणे, "लिला, गुंड भरून आन." तो मला भरून आणी आणि दोन्ही हातांनी धरून बसे. हात असे थरथरत की माझ्यातला चांद तुकडे तुकडे होई.

"हालून राहिला, आई."

"मंग पानी बदलव."

तो उठे, पाणी झाडाला घाली, नवं भरी. पुन्हा बसे. पुन्हा चांद हले, पुन्हा उठे. अंधाऱ्या पक्षात चांदणी शोधे. अंगणातली वांगी त्या वर्षी खूप लागली. दोनदा तो घसरला असता. एकदा दुर्गाने हात धरला, एकदा प्रेरणा नुसती समोर येऊन उभी राहिली. धानाच्या कापणीपर्यंत मात्र माझ्यातला चांद बराचसा शांत राहू लागला होता.

बायाबाईला वर्ष पुरं झालेलं पाहायला मिळालं नाही. माघाच्या थंडीत ती अंथरुणाला खिळली. शेवटच्या संध्याकाळी तिने मला खाटेजवळ आणायला लावलं. लिलाधरचा हात माझ्या काठावर ठेवला आणि सुंदरबाईचेच शब्द बोलली.

"चांद फुटू देऊ नोको."

"नाही फुटू देत," तो म्हणाला. एवढंच.

मग चैत्र आला. मोहाची फुलं टपटपू लागली. हा महिना त्याच्यासाठी सगळ्यांत अवघड. गावभर तो गोड वास, नाल्यांच्या कडेने धूर. दुर्गा रोज देवापुढे हात जोडून उभी राही, पण त्याला काही विचारत नसे. आणि आज चैत्री पुनव. वर्ष भरलं.

दुपारी लिलाधरने मला चिंच आणि राखेने घासलं. किती वर्षांनी कोणी माझा तळही असा मनापासून घासला! दुर्गाने घरच्या बोअरचं पाणी वस्त्रगाळ करून माझ्यात भरलं, त्यात तुळशीचं पान टाकलं.

"जेवून घे," लिलाधर तिला म्हणाला. "वाट नोको पाहू."

"तुमी जाऊन या. मंग जेवू."

मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर, कोपऱ्यात एखादं काळवंडलेलं भांडं असेल. ते टाकायच्या आधी एकदा कान लावून ऐका. कोणाचा तरी शब्द त्यात राहिलेला असतो. आणि जो माणूस कितीदा तरी घसरला, त्यालाही असंच एकदा कान लावून ऐका. आम्हाला फार काही लागत नाही. थोडी चिंच, थोडी राख, आणि घासणाऱ्या हाताची चिकाटी.

तिन्हीसांजेला लिलाधरने मला डोंग्यात ठेवलं. मी हलू नये म्हणून बुडाखाली आईच्या लुगड्याची चुंबळ दिली. काठावर धूर निघत होता, आणि धुरातून मुन्नाचा आवाज आला.

"लिल्या! नवी फुलं हायेत बे. ये, पहिली धार चाखून जा."

लिलाधरने वल्हं उचललं.

"पहिली धार मातामायची असते, मुन्ना," तो हळूच म्हणाला.

डोंगा काठापासून सुटला. दूर पाण्यातून चिंचेचा वाळका शेंडा वर आलेला होता, आणि त्याच्या मागून चांद. तो माझ्या पाण्यात उतरला. लिलाधरने एकदा वाकून पाहिलं, आणि शेंड्याकडे तोंड करून वल्हवू लागला.